वाढवा म्हणालतास

बोलू नको. आधी खा. न्हाय, न्हाय — तोंड उघडायचं ते घासासाठी, दुसऱ्या कशासाठी न्हाय. कालचं ताट तसंच पडलंय की रं हितं! भाकरीवरचं तीळ तेवढं मुंग्यांनी नेलं. आरं, भोगीची भाकरी टाकतंय का कोण? न खाई भोगी तो सदा रोगी म्हणत्यात आमच्यात, आन तू बसलाईस गुडघ्यात मान घालून. ही पोळी घे. गुळाची हाय, तीळ कुटून घातल्यात, वरनं तूप सोडलंय. गूळ घरचाच, आमच्या गुऱ्हाळावरचा. खा. आन बोलायला जाऊ नको, हितनं सोपा लांब न्हाय. ह्या दारापल्याड माजघर, माजघरापल्याड सोपा, आन सोप्यात निम्मी पेठ येऊन बसलीया हळदीकुंकवाला. बापयमाणसाचा आवाज आत गेला तर पयली माझी सून उठून येईल, गोठ्यात कोण हाय बघायला. मग तिला काय सांगू? काल तू दारावर धडका मारल्यास तवा म्हस सुटली म्हणून सांगितलं. रोज रोज म्हस सुटत न्हाय, पावणं.

इळ्याकडं काय बघतोस? वैरण तोडायला जाते म्हणून सांगून आलीया, मग हातात इळा नको? तुझ्यासाठी न्हाय ह्यो. पर हातात हाय तेवढं ध्यानात ठेव.

आता ऐक. मी बोलते, तू मान हलव. काल दिवे लागायच्या वक्ताला तू दारात हुबा ऱ्हायलास — खाकी कोट, पायाला पट्ट्या, पाठीवर वळकटी — आन मला वाटलं हंबीरच आला. पाठमोरा उजेड, तोंड दिसंना. मग तू म्हणालास, हंबीररावाची आई? मी म्हणाले, व्हय, मीच धोंडुबाई. तू म्हणालास, मी बसऱ्यास्नं आलो, खेचरांच्या तळावर असतो, गाव मद्रासकडं, हंबीररावानं तोंडी निरोप धाडलाय. आन काय म्हणालास? जसंच्या तसं ध्यानात हाय माझ्या. ‘बायकोच्या बांगड्या वाढवा.’ असं. हसत म्हणालास! म्हटलं, ह्याच्या मुलखात असं हसून सांगायची रीत असंल, न्हायतर लढाईत मरण बघून बघून माणसं अशीच होत असत्याल. मला काय, मी लढाई कुठं बघितलीया! मी तुझ्या तोंडावर हात दाबला, गोठ्यात लोटलं आन भायरनं कडी घातली. तू एवढा उंचापुरा गडी, म्हाताऱ्या बाईनं लोटलं तर गेलास बी. बरं झालं गेलास. माझी सून चिमणा तवा परड्यात तुळशीला दिवा लावत हुती.

गप! सांगितलं न्हवं, बोलायचं न्हाय! मला कळलंय सगळं. तू सांगणार तो कसा गेला, कुठं गेला, माती दिली का अग्नी दिला — आज नको. आज मला काय सुदीक ऐकायचं न्हाय. मरायला टेकला असंल तवा तूच जवळ असशील, आन त्यो म्हणाला असंल, आता माझी आशा नको, घरी जाऊन सांग, बायकोच्या बांगड्या वाढवा. माझा हंबीर तसलाच. आडून आडून बोलायचं त्याला जमलंच न्हाय कवा. त्याच्या बापाचं तसंच हुतं. — आरं डोकं काय हलवतोस सारखं? पोळी गोड लागंना व्हय? मग खा की गुमान.

तुला वाटत असंल, ही बाई खुळी हाय. ल्योक गेल्याचं कळलंय, आन ही पोळ्या लाटतीया. खुळी न्हाय मी. आज संक्रांत हाय, बाबा. आन नुसती संक्रांत न्हाय, माझ्या सुनंची पयली संक्रांत हाय. वैशाखात लगीन झालं, आषाढात हंबीरला पलटणीचं बोलावणं आलं, पोरीच्या अंगाची हळद तरी धड उतरली हुती का? पयल्या संक्रांतीला नव्या नवरीला काळी चंद्रकळा नेसवत्यात. एरवी काळं सणाला चालत न्हाय, आजच्या दिवशी चालतं — थंडीचं दिस, काळ्याला ऊब असती म्हणत्यात. आन अंगावर हलव्याचं दागिनं घालत्यात. साखरंचा हलवा — तिळावर पाक थेंब थेंब सोडायचा, मंद इस्तवावर, आन बोटानं हलवत बसायचं. घाई केली की काटा येत न्हाय, नुसता गोळा होतो. म्या केलाय ह्यो हलवा. बोटं भाजली पर काटा कसला आलाय, बघशील तर! पर वोवला न्हाय म्या. रांडावल्या बाईनं पयल्या संक्रांतीचं लेणं वोवायचं न्हाय, म्हणून शेजारची धुरपदा वोवायला बसली आन मी चुलीम्होरं. कानातलं, गळ्यातलं, बाजूबंद, डोईवरची बिंदी — सगळं पांढरंफेक, काळ्या लुगड्यावर. सकाळी माझ्या पाया पडायला आली तवा... जाऊ दे. तिला सांगायचं व्हय? त्या दागिन्यात हुबी असताना? तूच सांग — न्हाय, सांगू नको.

उद्या कर हाय. संक्रांतीचा दुसरा दिवस — किंक्रांत म्हणत्यात बामणं, आमी कर म्हणतो. करीच्या दिवशी कुणी चांगलं काम काढत न्हाई. लांबच्या गावाला निघत न्हाईत, नवं काय आणत न्हाईत. संक्रांतदेवीनं आज एका राक्षसाला मारलं, उद्या दुसऱ्याला मारती, म्हणून उद्याचा दिवस वाईटाचा. मग म्हटलं, वाईट बोलायचं तर त्या दिवशी बोलू. त्या दिवसाला आणि काय इटाळ होणार? आजचा दिवस तिचा. एवढा एकच दिवस मी तुझ्याकडं मागतीया, पावणं. तुझं काय जातंय?

आन खरं सांगू — मला आधीच कळायला पायजे हुतं. जोशी आलता देवळात पंचांग घेऊन, सगळ्या बायका त्याच्या भोवती. औंदा संक्रांत कशावर बसून आली, काय नेसून आली, तोंड कुनीकडं हाय — ते ऐकायचं असतं. संक्रांत जे नेसून येती त्यावर अवकळा येती, म्हणून बायका तसल्या रंगाचं लुगडं, तसली बांगडी घेत न्हाईत. औंदा म्हणाला, घोड्यावर बसून आलीया, पिवळं नेसलीया. बायका लगीच कुजबुजाय लागल्या, पिवळ्या बांगड्या नकोत बाई, पिवळ्या नकोत. मला त्येचं काय? मला बांगडीच न्हाय. मी इचारलं, आन तोंड कुनीकडं हाय तिचं? जोशी म्हणाला, मावळतीला. जिकडं तिचं तोंड तिकडं वाईट. मी घरी येऊन परड्यात हुबी ऱ्हायले, मावळतीला बघितलं — रंकाळा दिसतो आमच्या परड्यातनं, त्यापल्याड डोंगर. बसरा कुठं? मावळतीलाच की! आगबोटीनं मावळतीलाच जावं लागतं म्हणालता हंबीर. तवापास्नं मी रोज मावळतीला बघतीया, आन काल तू आलास.

काय? हाताचं काय करतोस? भांडं? ...चुलीवर? उतू जातंय? हां, तुमच्यात बी हाय व्हय ह्यो सण? दुधात तांदूळ शिजवून उतू घालवत्यात? आमच्यात ते रथसप्तमीला. अंगणात शेणी पेटवून, सुर्व्याकडं तोंड करून, बोळक्यात दूध उतू घालवायचं. जिकडं उतलं तिकडं पीक चांगलं येतं म्हणत्यात. म्हंजे तुमचा आन आमचा देव एकच की रं! सुर्व्याला कुठला मुलूख? आज त्यो मकरंत शिरतो. आजपास्नं दिस तिळातिळानं मोठा होणार. रानातलं नवं पीक घरात येतं, ते आधी त्याला दाखवायचं. सकाळी पंचगंगंवर अंघोळी झाल्या. कुंभाराकडनं सुगडं आणली — काळी मातीची बोळकी. चिमणानं त्यास्नी हळदीकुंकवाची बोटं वोढली, सूत गुंडाळलं, आन आत काय काय भरलं सांगू? हरभऱ्याचं घाटं, गाजराचं काप, बोरं, हुरड्याचं कणीस, उसाचं करवं, वर तीळगूळ. पयलं सुगड देवाफुडं, मग सवाष्णींनी एकमेकीला द्यायचं, पदराआड. अंबाबाईच्या देवळात सुगडाचा ववसा देऊन आली ती दुपारी. सगळ्या बायकांत माझी सून उठून दिसत हुती, अशी नजर लागंल म्हणून मी लांबनं मीठ ओवाळलं. लांबनं. जवळ जायचा मला आज हक न्हाय.

व्हय, घर माझं हाय, हळदीकुंकू माझ्या घरात हाय, पर मी हितं तुझ्यासंगं शेणात बसलीया. मी सोप्यात पाय टाकला तर बायका गप होत्यात. कुणी वाईट बोलत न्हाय हां! सरकून बसत्यात, पदर नीट करत्यात, एवढंच. हंबीर अंगावर पीत हुता तवा त्याचा बाप गेला. पलेगचं वरीस. सगळी पेठ रानात जाऊन खोपटी घालून ऱ्हायलेली, आमी बी. खोपटातच गेला. तिथं माझ्या बांगड्या... तिथं दगुड बी गावंना बघ. तळ्याकाठी चिखुल सगळा. शेवटाला बैलगाडीच्या चाकावर हात आपटलं माझं, दोघींनी धरून. आवाज अजून येतो कानात. तवापास्नं संक्रांतीला मी गोठ्यात. ती सुलतानबी तेवढी हाय, मणेरीण, पिढ्यानपिढ्या ह्याच पेठंत बांगड्या भरती — ती मातुर दर संक्रांतीला आल्या आल्या आधी मागल्या दारानं हितं येती, माझ्याजवळ बसती, माझं मनगट हातात घेती, दाबती जरा, आन म्हणती, हाडं निघाली धोंडाक्का, खात जावा. मुसलमानाची बाई, तिला इटाळ न्हाय माझा. आज बी येऊन गेली. तू तवा वळकटीवर निजलेला हुतास, म्या तुझ्यावर घोंगडं वोढलं आन म्हटलं, वैरण हाय.

ऐक. ऐकतोस न्हवं? ती खळखळ — ऐकू येतीया का? एका बायकूची न्हाय, सगळ्यांची मिळून येती, पर मला त्यातनं चिमणाची वळीखता येती. हिरवा चुडा, त्यात दोन पाटल्या. ताटली फिरवताना वाजती ती तिचीच. खोटं सांगत न्हाय, ती लगीन होऊन घरात आली तवा ह्योच आवाज मला सोसंना. भाकरी थापली की खळखळ, पाणी वोढलं की खळखळ, झोपंतनं कूस बदलली की खळखळ. माझ्या घरात एवढी वरसं बांगडी वाजली न्हवती रं. दुसऱ्याच दिशी मी बोलले तिला, जरा हात हळू चालव की, घर हाय का कासाराचं दुकान? पोर घाबरली. चुडा कोपराकडं सारून, वर चिंधी गुंडाळून कामं कराय लागली. हंबीरनं बघितलं. मला काय बोलला न्हाय, नुसती ती चिंधी सोडली तिच्या हातावरची आन चुलीत टाकली. माझ्या डोळ्यादेखत. लई राग आलता मला त्या दिशी. मला वाटलं, गेला ल्योक हातचा. ...आन त्यो गेल्यावर, बसऱ्याला गेल्यावर, काय झालं माझं मलाच कळंना. पहाटंची जाग आली की मी पडून ऱ्हाते आन वाट बघते, कवा ती उठती, कवा वाजतंय. वाजलं की वाटतं, हाय. हाय माझा ल्योक कुठंतरी. त्येचं हाय म्हणून हिचं हाय. दुसरा काय पुरावा हाय का माझ्याकडं? सहा महिन्यांत एकच कार्ड, त्यावर कुणाचं तरी अक्षर. बांगडी खरं बोलती.

आन ती बांगडी वाढवायचा निरोप तू घेऊन आलाईस.

...आता मी तुला एक बोलते. मघाशी म्हणाले उद्या सांगू, करीला सांगू. खोटं बोलले. उद्या बी न्हाय. परवा बी न्हाय. मी सांगणारच न्हाय कुणाला. आरं, तुला सोडून हे कुणाला ठावं हाय हितं? सरकारी कागूद आला तर आधी माझ्याच हातात येईल, आन कागदाला चूल हाय. बसऱ्यात हजारो माणसं, कुणाचा पत्ता लागतोय, कुणाचा न्हाय. हरवलाय म्हणीन. येईल म्हणीन. ती वाट बघंल. वाट बघणारी बाई कुंकू लावती, पावणं! चार बायकात बसती, संक्रांतीला सुगड पुजती, पाटावर बसती, गोठ्यात बसत न्हाय. म्हातारी होईपातूर बसू दे की तिला तशी. देव इचारंल तवा मी उत्तर देईन. एवढं वय न्हाय तिचं... कागलला तिच्या भावाला कळलं तर त्यो उद्याच गाडी जुपून येईल, तिला घेऊन जाईल, तिथं कोपऱ्यात बसवंल पांढऱ्या कपाळानं. आन मग हितं कोण? ह्या घरात पहाटंचं काय वाजणार? म्हस?

...हां. असं हाय ते. तिच्यासाठी म्हणून सांगत हुते मघापास्नं, पर माझंबी हायच त्यात. लई हाय. तुझं तोंड काय मला रोज बघायचंय, तू उद्या मद्रासच्या वाटंला, म्हणून बोलले.

तर तू असं करायचं. अंधार पडायच्या आत मागल्या दारानं निघायचं. परड्यातनं रंकाळ्याच्या कडंनं जा, पेठंतनं जाऊ नको. ठेसनावर गाडी गावंल मिरजंची. कुणी इचारलं तर हंबीर मोहिते म्हणून कुणाला वळखत न्हाय. पोळ्या बांधून देते, घोंगडं बी ने. आन शपथ घे. देवीची नको, तुझी देवी येगळी असंल — ह्या कौलाच्या भोकातनं ऊन पडलंय बघ, ह्यात हात धर. आजच्या दिवसाचं ऊन हाय. ह्याची शपथ तुमच्यात बी चालती, आत्ताच हातानं सांगितलंस. धर हात. म्हण, बांगड्यांचं परत तोंडातनं काढणार न्हाय. म्हण की! ...हात मागं का घेतोस? आरं, हात मागं का घेतोस? एका बाईचं सौभाग्य तुझ्या एका शब्दावर हाय आन तुझा हात निघंना? हे बघ, इळा चाऱ्यासाठी हाय म्हणाले मघाशी, पर मी ह्या इळ्यानं उभा ऊस आडवा केलाय. एकटीनं ल्योक वाढवलाय. मला भ्यायला येत न्हाय. धर हात! रडतोस काय? रडायचं मी का तू? सोड माझा पाय, सोड — उठ — काय म्हणतोस, अम्मा, अम्मा... नको रं अम्मा म्हणू मला. नको. त्यो बी शेवटाला असंच म्हणाला असंल...

सांग. सांग आता. मला न्हाय सोसवत. एकदाच सांग आन जा. कसा गेला? गोळी लागली? तापानं गेला? पाणी पाजलं का त्याला कुणी? आरं बोल की! रातीपास्नं तोंड उघडत हुतास, आता दातखीळ बसली व्हय? कसा गेला माझा हंबीर? कसा गेला ल्योक माझा?

...न्हाय? काय न्हाय? गेला न्हाय म्हंजे? थांब. हळू. तुझ्या बोलीत नको, आमच्या बोलीत बोल. पाय. पाय काय? पायात गोळी. बरं. काढली. पाय हाय न्हवं? हाय? वाकडा हाय... वाकडा असू दे. वाकडा असू दे की! मग? दवाखान्यात. तू त्याच्या बाजूला. आन? आगबोट... शिमग्याला? शिमग्याला हितं? कोण, तू? त्यो? त्यो येणार शिमग्याला? आरं, मग मेला कोण? कोण बी न्हाय? मग त्या — मग बांगड्या वाढवा कशापायी म्हणालास, मुडद्या? त्यानंच सांगितलं? त्यानं असं सांगितलं, बायकोच्या बांगड्या वाढवा? ...हे काय करतोस? हात काय दाखवतोस? मनगटापास्नं... कोपरापातूर... एक, मग आणि एक, मग आणि एक... भरा? जास्ती भरा? तिच्या पयल्या संक्रांतीला त्यो न्हाय, म्हणून त्याच्या नावाच्या आणि भरा?

वाढवा म्हंजे आणि घाला. आरं देवा. आरं माझ्या अंबाबाई. आणि घाला! तुला मराठी कुणी शिकवली रं? पलटणीत? तरीच! पलटणीत सगळे बापये, बापयाला काय ठावं! आरं खुळ्या, दिस वाढतो, पीक वाढतं, ल्योक वाढतो, ताटात भात वाढत्यात — बांगडी वाढत न्हाय बाबा! बांगडी फुटली असं तोंडानं म्हणू न्हाय, वंगाळ असतं, म्हणून बांगडी वाढली म्हणायचं! बाई सांगू लागली बांगड्या वाढवल्या, की समजायचं तिचा धनी गेला! बांगड्या भरा म्हणायचं, भरा! येवढा एक शबूद चुकलास आन म्या एका रातीत... मी काय काय बोलले रं तुझ्याजवळ? चुलीत घालायचा कागूद, तिला फसवायचं... ते सगळं इसर. शपथ घेणार हुतास न्हवं, ती ह्याची घे. हसतोस? हस. हस बाबा, तुझं तोंड हसायलाच केलंय देवानं, म्याच —

थांब.

कसला आवाज झाला?

दारामागं. ह्या दारामागं कोण हाय? सोप्यातली खळखळ कवा थांबली? चिमणे? चिमणे, तू हाईस व्हय गं? कवापास्नं हुबी हाईस? काय ऐकलंस? ...बाजूला हो, पावणं, कडी काढू दे. कडी निघंना — सर —

ह्यो हात असा का? चिमणे, हात मोकळा का गं तुझा? चौकटीवर आपटलास? दोन्ही? आरं देवा, रगत आलंय. पायाखाली काचा, हलू नको, हलू नको म्हणते! मी वरडले तेवढंच ऐकलंस व्हय? कसा गेला माझा हंबीर — तेवढंच? फुडचं न्हाय ऐकलंस? आगं, त्यो हाय! हाय गं बाई! जित्ता हाय, पाय वाकडा झालाय, शिमग्याला येतोय! ह्या पावण्याच्या बाजूला निजत हुता दवाखान्यात. चूक ह्याची न्हाय, माझी हाय, मी वाईटच ऐकायला टपून बसले हुते, चांगलं कानात शिरंना माझ्या. बघ माझ्याकडं. अशी बघू नको, नीट बघ. खोटं बोलत न्हाय. कपाळ पुसलं न्हाईस न्हवं? हाय. कुंकू हाय. बास. बाकीचं हुतंय.

सुलतानबी! ओ सुलतानबी! टोपली घेऊन हिकडं या — गोठ्यात, व्हय, गोठ्यातच! कुणी आडवू नका तिला, आन कुणी तोंडाला पदर लावू नका, कुणी मेलं न्हाय माझ्या घरात! माझ्या सुनंच्या बांगड्या वाढ — न्हाय! न्हाय न्हाय! भरा! भरा म्हणते! हिरव्या आना, पिवळी एक बी नको. मनगटापास्नं कोपरापातूर भरा, वाजू देत चांगल्या. चिमणे, बस हितं माझ्याजवळ, वैरणीवर बस, हात दे हिकडं, मी धरते. मी धरलेलं चालतंय आज. कुणाला चालत नसंल त्यांनी जावं घरी.

आन पावणं, तुमी हितं काय करताय? बाई बांगड्या भराय बसली की बापयमाणसानं थांबू न्हाय. एवढं बी शिकवलं न्हाय व्हय पलटणीनं? उठा. परड्यात जाऊन बसा. जावा.